सहाशे अठ्ठावीस बेवारस

“या चारांपैकी माझा भाऊ कोणता, एवढंच सांगा बाबा. पुढचं मी बघून घेईन.”

गफूरशांनी सतरंजीवर मांडलेल्या चार फोटोंकडे पाहिलं. मग विचारणाऱ्याकडे पाहिलं.

“पाणी घे आधी.”

“पाणी नको. आज शुक्रवार आहे. सोमवारी आईचं ऑपरेशन आहे.”

“म्हणून तहान लागत नाही?”

पाणी विचारणाऱ्यानं घेतलं नाहीच.

त्याचं नाव हेमकांत भंगाळे. पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. लाखो चित्रांतून हवं ते चित्र कॉम्प्युटरनं नुसतं बघून कसं शोधावं, हा त्याचा विषय. या विषयात आपल्याला कळत नाही असं काही उरलेलं नाही, अशी बरीच वर्षं त्याची समजूत होती. माणूस वाईट नव्हे. हुशार माणसाला शोभतो त्याहून पसाभर गर्व जास्त होता, इतकंच.

गफूरशा फकीर. तापीच्या काठी, रेल्वेच्या पुलाच्या अलीकडे त्यांचा तकिया आहे. तकिया म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक ओटा, आणि मागं कबरस्तान. नदीत सापडलेलं, रुळांवर सापडलेलं, एसटी स्टँडवर झोपेतच गेलेलं, ज्याला न्यायला कुणी येत नाही असं माणूस पोलीस या ओट्यावर आणून ठेवतात. तीस-पस्तीस वर्षं हे चाललंय. हिंदू की मुसलमान हे बाबा विचारत नाहीत. ज्याला विचारायचं तो सांगायच्या स्थितीत नसतो.

माती देण्याआधी बाबा प्रत्येकाचा एक फोटो काढून ठेवतात. गावातला एक स्टुडिओवाला तो छापून देतो. कधी कुणी शोधत आलंच तर दाखवायला असावा, म्हणून. फोटो पत्र्याच्या पेट्यांत जातात आणि तिथंच राहतात, कारण सहसा कुणी येत नाही.

हेमकांत आला होता. तीन महिन्यांपूर्वी.

त्याचा धाकटा भाऊ लीलाधर अकरा वर्षांपूर्वी घरातून गेला. सव्वीस वर्षांचा होता. त्याचा मोबाईल शेवटचा लागला तो याच गावात. त्यानंतर बंद. पोलीस झाले, पेपरात जाहिराती झाल्या, एक ज्योतिषीही झाला. मग सगळेच थकले. आई तेवढी थकली नाही.

त्या खेपेला हेमकांतनं पेट्या उघडून त्या महिन्यापासूनचे सगळे फोटो काढले होते. सहाशे अठ्ठावीस निघाले. ते लॅपटॉपमध्ये भरून घेऊन गेला होता. आज निकाल घेऊन परत आला होता.

“चार फोटो कसे?” बाबांनी विचारलं. “भाऊ तर एक.”

“चार पद्धती आहेत. प्रत्येकीनं एकेक दिला.”

“समजावून सांग. मी अडाणी आहे.”

हेमकांतला समजावून सांगायला आवडतं. आईचं ऑपरेशन तोंडावर असतानाही आवडलं.

“पहिली पद्धत रंग बघते. चित्रात कुठला रंग किती, ते मोजते. दुसरी पोत बघते... म्हणजे गुळगुळीत, खरखरीत, विणलेलं, केसाळ. तिसरी कडा बघते, आकार. चौथी शिकलेली आहे. तिला लाखो चित्रं दाखवलीत. ती काय बघते ते आम्हालाही नीट सांगता येत नाही, पण सगळ्यांत हुशार तीच.”

“आणि तू काय करतोस?”

“मी त्यांची तुलना करतो. लीलाधरचा फोटो दाखवायचा आणि म्हणायचं, याच्यासारखे काढ. चौघी आपापल्या परीनं सहाशे अठ्ठावीस जणांना ओळीनं उभं करतात. सगळ्यांत जवळचा पहिला, सगळ्यांत लांबचा शेवटी. कुणाची ओळ खरी, ते ठरवायचं. यावर मी निबंध लिहिलाय. हैदराबादच्या परिषदेत त्याला पारितोषिक मिळालं.”

“कुणाला शोधून दिलंस त्यात?”

“त्यात... हत्ती होते. घोडे, बसगाड्या, फुलं, समुद्रकिनारे. दहा हजार चित्रं. चौथ्या पद्धतीला घोडा दाखवला की शंभरात चौऱ्याण्णव वेळा घोडेच येतात.”

“तोच घोडा येतो?”

“तोच नव्हे. त्याच्यासारखे.”

“सारखे...” बाबा म्हणाले. “सारखे माझ्याकडे खूप आहेत, बेटा.”

त्यांनी पहिला फोटो उचलला.

“हा रंगवालीनं दिला?”

“हो. लीलाधरच्या अंगात हिरवा शर्ट आहे. मामेबहिणीच्या लग्नातला फोटो. एवढाच एक चांगला होता घरात.”

“आणि याच्या डोक्याखाली हिरवी चादर आहे. दर्ग्यावर चढलेली. माणूस लहानखुरा होता, म्हणून चादर जास्त दिसते.”

हे हेमकांतला पुण्यातच कळलं होतं.

“हा?”

“तो पोतवालीचा. लीलाधरच्या शर्टावर बारीक चौकडा होता.”

“आणि हा चटईवर आहे. सत्तरीचा होता हा. दाढी पांढरी आहे, बघ.”

“दिसतंय मला.”

“आणि ही?” बाबांनी तिसरा फोटो त्याच्यासमोर धरला. “ही बाई आहे.”

“माहीत आहे.”

“बायका वेगळ्या काढल्या नाहीस?”

“नाही. यंत्राला वरून काही सांगायचं नसतं. फोटोवर काय लिहिलंय, कोण आहे, कुठली तारीख, काही नाही. त्यानं नुसतं बघून शोधायचं. त्याशिवाय तुलना खरी होत नाही. तो नियम आहे.”

आता बाईला भाऊ म्हणून पुढं करणाऱ्या यंत्राला कुणीही शहाणा माणूस हाकलून देईल. पण नियम म्हटला की शिकलेला माणूस आईच्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातही तो पाळतो. हेमकांतनं पाळला होता.

बाबांनी चौथा फोटो घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

“हा हुशार बाईचा?”

“हो. हा तरुण आहे. चेहराही लांबट. मला याच्यावर आशा होती. पण मग लक्षात आलं... लीलाधर फोटोत हसतोय.”

“आणि याची हनुवटीची पट्टी सैल झाली होती. तोंड उघडं राहिलं.”

“हो.”

“हा हसत नव्हता, बेटा. रुळांवरून आणला होता याला.”

पुलावरून मालगाडी जायला लागली. डबे पुष्कळ होते. दोघं ती संपेपर्यंत थांबले.

“तू स्वतः बघितलेस का फोटो?” बाबांनी विचारलं.

“म्हणजे?”

“तू. डोळ्यांनी. सगळे.”

“सहाशे अठ्ठावीस फोटो माणसानं बघत बसायचं तर यंत्र कशाला?”

“इथं बसून यंत्रात भरलेस ना एकेक? तीन दिवस बसला होतास.”

“स्कॅनरवर फोटो पालथा ठेवतात, बाबा.”

“म्हणजे पाठी बघितल्यास.”

हेमकांतला हे झोंबलं. झोंबलं की तो दुसऱ्याची चूक काढतो, ही त्याची जुनी खोड. घरी धाकट्या भावावर हा प्रयोग त्यानं वर्षानुवर्षं केला होता.

“बघून काही उपयोग नाही म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “पद्धतींत दोष नाही. दोष या फोटोंत आहे. रागावू नका, पण हे तुमच्यामुळे झालंय.”

“माझ्यामुळे?”

“तुम्ही प्रत्येकाचं तोंड धुता. केसांना तेल लावून भांग पाडता. प्रत्येकाचा भांग डावीकडे, एकाच जागी. हनुवटीला तीच पांढरी पट्टी. डोक्याखाली तीच चादर, खाली तीच चटई. ज्याचे केस कपाळावर यायचे त्याचे मागं गेले. ज्याचा भांग मधोमध होता त्याचाही डावीकडे आला. ओळखायला जे काही उरलं होतं ते तुम्ही पुसून टाकलंत. सहाशे अठ्ठावीस माणसं तुम्ही एकसारखी करून ठेवलीत. आता कुठली पद्धत काय करणार?”

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची ही जागा आहे. पण खरं सांगायचं तर इथं अंगण खरंच वाकडं होतं.

बाबा उठले नाहीत, हलले नाहीत. एक पेटी जवळ ओढून त्यांनी उघडली. वरचे पाच-सात फोटो काढून ओळीनं लावले. एक बघितला, दुसरा बघितला, पुन्हा पहिला बघितला.

“मला एकच भांग पाडता येतो,” ते हळू म्हणाले. “माझी आई पाडायची तसा. अशा तोंडानं जाऊ नये माणसानं, म्हणून धुवायचो. घरचं कुणी असतं तर त्यानं धुतलं असतं. फोटो मागून काढायचो.”

“आधी काढायला हवा होता.”

“हो. आधी काढायला हवा होता...”

त्यांनी फोटो पुन्हा पेटीत ठेवले. झाकण लावलं. पस्तीस वर्षांच्या पुण्याईत कुणीतरी खडा काढून दाखवावा, आणि तो खरा निघावा, याचं दुःख काय असतं ते फार थोड्यांना कळेल. हेमकांतला कळलं. त्याला बोलल्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागं घेता येईनात, कारण ते खोटे नव्हते.

“मला सोमवारपर्यंत एक नाव हवंय,” तो म्हणाला. आता आवाज खाली आला होता. “डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय. टेबलावरून परत येईल याची खात्री नाही. आईलाही कळलंय ते. ती एकच म्हणते...”

त्यानं चारही फोटो गोळा केले.

“ती म्हणते, वर गेल्यावर त्याला तिथं शोधायचं की नाही, एवढं तरी मला कळू दे.”

वरच्या कडुनिंबाच्या काड्या ओट्यावर पडत होत्या. बाबा एकेक उचलून बाजूला ठेवत राहिले.

“हे चारही फोटो दाखव तिला. आई ओळखेल.”

“चार प्रेतं दाखवू? डॉक्टर म्हणतात, मोठ्यानं बोलूसुद्धा नका तिच्याशी. एक दाखवीन. हाच आहे आई, असं म्हणून एकच दाखवीन. तेवढं ती सोसेल. आणि तेही माझी खात्री असेल तरच. उगाच कुणाला तरी दाखवलं आणि ती तिकडं शोधत बसली तर...”

“घरातून गेला तेव्हा अंगात काय होतं त्याच्या?”

“माहीत नाही.”

“केस वाढलेले होते की कापलेले?”

“माहीत नाही.”

“त्या दिवशी घरी नव्हतास तू?”

“होतो.”

मग हेमकांतनं जे सांगितलं ते त्यानं अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, पोलिसांना तर नाहीच. सांगायलाही असं फार नव्हतं.

लीलाधरला नोकरी टिकत नसे. दोन वर्षं तो भावाच्या घरी राहत होता. भाऊ त्याच्याशी कामापुरतं बोलायचा, तेही नजर वर न करता. त्या सकाळी हेमकांत निबंध लिहीत बसला होता. तोच, पारितोषिकवाला. लीलाधर दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, जरा इकडं बघ ना.”

“आणि?”

“मी म्हणालो, नंतर.”

“मान वर केली नाहीस?”

“नाही. आवाज ऐकला, एवढंच. कदाचित नवा शर्ट घातला असेल. कदाचित काही लागलं असेल... मला माहीत नाही, बाबा. तो किती वेळ उभा होता तेही माहीत नाही.”

त्यावर बाबांनी काही उपदेश केला नाही. अशा वेळी उपदेश करणारे फकीर पुष्कळ आहेत. हे त्यांतले नव्हते.

ते उठले. आतून पाण्याची बादली आणली, चटई आणली, चादर आणली. ओट्यावर चटई अंथरली, वर एका टोकाला चादरीची घडी ठेवली.

“झोप इथं.”

“कशाला?”

“तू म्हणतोस पद्धती चांगल्या, फोटो वाईट. असेल. पण मला एक सांग. एखाद्याचा फोटो पेटीत आहेच, हे आपल्याला ठाऊक असेल, तर कुठल्या बाईनं त्याला बरोबर काढलं ते कळेल की नाही?”

हेमकांत चमकला. हीच तर परीक्षेची रीत. उत्तर आधी ठाऊक असलेलं चित्र आत ठेवायचं आणि कोण शोधतंय ते बघायचं. आपल्या विषयातली पहिली गोष्ट आपण विसरलो आणि ती या फकिराला सुचली, याची त्याला लाज वाटली.

तो झोपला. कडक उन्हातही ओटा पाठीला गार लागत होता.

बाबांनी त्याचं तोंड धुतलं. कानामागं, मानेवर, डोळ्यांच्या कोपऱ्यांत ओला फडका फिरवला. केसांना तेल लावलं. कंगव्यानं केस मागं घेतले आणि डावीकडे भांग पाडला. लहानपणी आई धुवायची, त्यानंतर त्याचं तोंड कुणी धुतलं नव्हतं. मग हनुवटीखालून पट्टी आली आणि डोक्यावर तिची गाठ बसली. आता बोलायचं म्हटलं तरी तोंड उघडणार नव्हतं.

“डोळे मीट.”

बाबांचा हात पापण्यांवरून खाली फिरला. इतक्या सरावानं फिरला की हेमकांतला भीती वाटली.

कॅमेरा वाजला.

हेमकांत उठून बसला तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं. पट्टी त्यानं घाईघाईनं ओढून काढली. कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि स्वतःला त्या सहाशे अठ्ठावीस जणांत घातलं. सहाशे एकोणतीस. मग खिशातून कॉलेजचं ओळखपत्र काढलं. त्यावरचा फोटो गेल्याच वर्षीचा होता. तो त्यानं यंत्राला दाखवला आणि म्हणाला, याच्यासारखे काढ.

थोडा वेळ लागला.

“रंगवाली?” बाबांनी विचारलं.

“पाचशे सत्तरावा आलोय मी.”

“पोतवाली?”

“चारशे दोन.”

“ती कडांवाली?”

“दोनशे एकोणनव्वद.”

“आणि हुशार?”

हेमकांतचं बोट पडद्यावर खाली खाली जात राहिलं.

“एकतीस,” तो म्हणाला. आणि इतकं सगळं होऊनही सवय सुटली नाही. तो पुढं म्हणाला, “म्हणजे चौथी पद्धत बाकीच्या तिघींहून कितीतरी सरस ठरली. हे मी म्हणतच होतो.”

“म्हणजे तीस मेलेली माणसं तुझ्यापेक्षा जास्त तुझ्यासारखी आहेत. तू जिवंत आहेस. माझ्यासमोर बसलायस. तरी तुझी हुशार बाई म्हणते, तीस जण आधी.”

हेमकांतनं लॅपटॉप मिटायला हात नेला. मिटला नाही. संपलं, असं त्याला वाटलं. तीन महिने, चार पद्धती, अकरा वर्षं, सगळं संपलं. जी वाट खुद्द त्यालाच त्याच्यापर्यंत नेत नाही ती लीलाधरपर्यंत काय नेणार. सोमवारी आई विचारील आणि आपण मान खाली घालू. त्यात नवं काहीच नव्हतं. मान खाली घालण्याची त्याला सवय होती.

मग त्याचं लक्ष ओळीच्या सुरुवातीला गेलं.

पहिला कोण होता, ते त्यानं अजून पाहिलंच नव्हतं. क्रमांक दोनशे सहा. सहाशे अठ्ठावीस जणांतला, हेमकांतसारखा सगळ्यांत जास्त दिसणारा माणूस.

त्यानं तो मोठा केला.

कपाळ रुंद. नाक खाली जरा जाड. ओठ मिटलेले, पट्टी घट्ट. वय पंचवीस-तीस. भांग डावीकडे.

“आम्ही दोघं सारखे दिसायचो, बाबा,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. “सगळे म्हणायचे. दुकानदार त्याला माझ्या नावानं हाक मारायचे. लीलाधरचा फोटो दाखवून हा वर आला नाही, कारण त्या फोटोत तो हसतोय, हिरव्या शर्टात, मान वळवून... पण माझ्या फोटोत मी हसत नाहीये. मी समोर बघतोय. म्हणून हा...”

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. पेटीतून दोनशे सहा क्रमांकाचा फोटो शोधला आणि त्याच्या हातात दिला.

“बघ.”

हेमकांतनं पाहिलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एखादा चेहरा असा पाहिला असेल. जवळ धरला, लांब धरला. उजेडाकडे केला. एका हातानं पट्टी झाकली, मग भांग झाकला. डोळे मिटून लीलाधरला समोर आणायचा प्रयत्न केला. समोर आला तो लग्नातला फोटो. हिरवा शर्ट, वळवलेली मान, हसरं तोंड. त्याच्यामागं दुसरा चेहरा नव्हता. जेवताना, भांडताना, आजारपणात, दाराशी उभा असताना लीलाधर कसा दिसायचा, हे आठवायला गेलं की तिथं फक्त आवाज होता.

ऊन ओट्यावरून उतरलं. बाबा नमाज पढून आले. हेमकांत तसाच बसला होता.

त्याचा फोन वाजला. आईचा होता. रोज याच वेळी यायचा. त्यानं उचलला.

“सापडला का रे?”

“नाही आई... बघतोय.”

“नीट बघ हं,” ती म्हणाली. धाप लागत होती. “तू घाई करतोस.”

फोन बंद झाला.

“हो म्हणता येत नाही, बाबा,” हेमकांत म्हणाला. तो आता रडत होता आणि पुसत नव्हता. “नाहीही म्हणता येत नाही. याचे कान... लीलाधरचे कान कसे होते, मला माहीत नाही. भुवया जुळलेल्या होत्या का, मला माहीत नाही. हाच असेल. हा कुणीही असेल.”

तो बाबांकडे वळला.

“तुम्ही याचं तोंड धुतलंय. तुम्ही याला जवळून पाहिलंय. मला यंत्र नको, पद्धत नको. तुम्ही म्हणाल ते मी आईला सांगेन.” त्यानं फोटो बाबांपुढं केला. “हा लीलाधर आहे का?”

पुलावर काहीच नव्हतं. नदीही वाजत नव्हती.

गफूरशांनी फोटो हातात घेतला नाही.

“मी याच्याजवळ अर्धा तास होतो, बेटा,” ते म्हणाले. “तू सव्वीस वर्षं होतास... आणि विचारतोस मला?”